घरी गाडी रंगवायची तर रंग कोणता? एका बॉनेटवरचे चार पट्टे

घरच्या शेडमध्ये गाडी रंगवायचे ठरले की बहुतेक जण आधी छटा निवडतात आणि रंगाचा प्रकार दुकानदारावर सोपवून मोकळे होतात. पहिल्या वेळी मीही तेच केले होते आणि त्या गाडीच्या दारांवर उठलेल्या सुरकुत्या खरवडण्यात पुढचे दोन महिने घालवले होते. म्हणून या खेपेला गाडीला हात लावण्याआधी भंगारातून त्याच मॉडेलचे एक बॉनेट आणले, ते पत्र्यापर्यंत साफ केले, त्याला एपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले आणि प्रायमर पूर्ण कडक झाल्यावर ६०० नंबरच्या वॉटर पेपरने घासून मास्किंग टेपने त्याचे चार पट्टे पाडले. पहिल्या पट्ट्यावर ॲक्रिलिक लॅकर, दुसऱ्यावर सिंथेटिक एनॅमल, तिसऱ्यावर हार्डनर (रंग घट्ट करणारे रसायन) मिसळून मारायचा एकथरी टूके, म्हणजे दोन घटकांचा, रंग आणि चौथ्यावर रंगाचा बेस कोट व त्यावर पारदर्शक क्लिअर, असे चार प्रकार मारले. छटा चारही ठिकाणी एकच ठेवली, साधी गडद निळी, कारण गडद रंगावर दोष लपत नाहीत. त्यानंतर ते बॉनेट चौदा महिने उघड्यावर ठेवले. पुढचे परीक्षण कोणत्याही एका कंपनीच्या डब्याचे नसून या चार प्रकारांचे आहे, आणि ते व्यावसायिक रंगाऱ्याच्या नव्हे तर घरी काम करणाऱ्याच्या नजरेतून केलेले आहे.

या प्रकारांमधला खरा फरक चकाकीत नसून वाळण्याच्या रीतीत आहे, आणि बाकीचे सगळे गुणदोष त्यातूनच निघतात. लॅकर फक्त थिनर उडून गेल्याने वाळतो. त्यात कोणतीही रासायनिक क्रिया होत नाही, त्यामुळे वाळलेल्या लॅकरवर पुन्हा थिनर पडला की तो परत विरघळतो. सिंथेटिक एनॅमलमधला द्रावक आधी उडतो आणि मग त्यातले राळयुक्त तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून हळूहळू घट्ट होत जाते. ही क्रिया कित्येक दिवस, कधी कधी कित्येक आठवडे चालू राहते. टूके रंगात रंग आणि हार्डनर या दोन घटकांची आपसांत रासायनिक बांधणी होते, म्हणूनच त्याला टूके म्हणतात, आणि एकदा ती बांधणी पूर्ण झाली की साधा थिनर त्याचे काही बिघडवू शकत नाही. बेस-क्लिअर पद्धतीत रंगाचा थर बहुधा लॅकरसारखाच द्रावक उडून वाळतो, पण त्यावरचा पारदर्शक क्लिअर टूके असतो. डब्यावर कितीही आकर्षक शब्द छापलेले असोत, आतला माल कोणत्या रीतीने वाळतो एवढे समजले तरी निम्मी निवड तिथेच होऊन जाते.

पहिला पट्टा लॅकरचा. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात तेलावर आधारलेल्या वार्निशांचे थर देत आणि एकेक गाडी रंगून बाहेर पडायला काही आठवडे लागत. ड्यूपाँ कंपनीच्या ‘ड्युको’ या नायट्रोसेल्युलोज लॅकरने हे चित्र पालटले. जनरल मोटर्सने तो आपल्या १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर वापरला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. ड्युको हा शब्द रंगाऱ्यांच्या तोंडी अजून आहे, जरी आज ते ज्याला ड्युको म्हणतात तो रंग प्रत्येक वेळी मूळचा नायट्रोसेल्युलोज असेलच असे नाही. मी वापरलेला ॲक्रिलिक लॅकर हा त्याचा पुढचा अवतार असून उन्हात पिवळा पडण्याचा जुन्या लॅकरचा दोष त्यात बराच कमी आहे.

घरी काम करणाऱ्याला लॅकर किती सांभाळून घेतो, याची कल्पना प्रत्यक्ष मारल्याशिवाय येत नाही. थर काही मिनिटांतच बोटाला चिकटेनासा होतो, त्यामुळे धूळ बसायला फारसा अवधी मिळत नाही, आणि बसलीच तर तासाभराने तेवढा भाग घासून पुढचा हात देता येतो. माझ्या पट्ट्यावर दुसऱ्याच हाताला एक ओघळ आला होता. तो दुसऱ्या दिवशी ८०० नंबरच्या पेपरने सपाट केला आणि त्यावर नवा हात मारला तेव्हा नवा थर जुन्यात विरघळून एकजीव झाला आणि जोड कुठेही दिसला नाही. दमट सायंकाळी जलद थिनर वापरल्याने तिसरा हात दुधाळ पांढरा पडला. द्रावक झपाट्याने उडाला की पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर जमते, म्हणून असे होते. त्यावर सावकाश उडणाऱ्या थिनरचा, म्हणजे रिटार्डरचा, हलका फवारा दिल्यावर तो धुरकटपणा डोळ्यांदेखत निघून गेला. इतर कोणत्याही प्रकारात इतक्या चुका करून इतक्या स्वस्तात सुटका झाली नसती.

याची किंमत श्रमाने चुकवावी लागते. लॅकरमध्ये घनभाग कमी आणि द्रावक फार, म्हणून जिथे टूकेचे दोन-तीन हात पुरतात तिथे लॅकरचे सहा ते आठ पातळ हात द्यावे लागतात, आणि फवारणीच्या गनमधून उतरलेली चकाकी मळकटच असते. तीन आठवडे थांबून १२०० आणि मग १५०० नंबरच्या पेपरने पाण्याखाली घासणे, त्यानंतर रबिंग कंपाउंड आणि शेवटी पॉलिश, हे सगळे केल्यावर जी खोल चमक येते ती मात्र बाकीच्या तिन्ही पट्ट्यांच्या तुलनेत मला अधिक आवडली. घाईने जाड थर चढवले तर पुढे बारीक चिरा पडतात, आणि खालच्या पुट्टीत किंवा सर्फेसरमध्ये (पृष्ठभाग सपाट करणाऱ्या प्रायमरमध्ये) थिनर मुरून घासल्याच्या रेघा महिन्याभराने वर उमटतात, हे दोन दोष या रंगाच्या स्वभावातच आहेत. चौदा महिन्यांनंतर माझा पट्टा निस्तेज झाला होता आणि पक्ष्यांच्या विष्ठेचे दोन डाग त्यात उतरले होते. पॉलिशने निस्तेजपणा पूर्ण गेला, डागांपैकी एकच गेला.

एनॅमलच्या पट्ट्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दोन हातांत तो भरून आला, गनमधून उतरताच काचेसारखा चमकला, आणि पहिल्या संध्याकाळी कोणीही हाच पट्टा सर्वोत्तम ठरवला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात अडकलेली चिलटे मोजता येत होती, कारण हा थर रात्रभर ओलाच राहतो. त्याहून मोठा धोका दुसऱ्या हाताच्या वेळेचा आहे. उत्पादकाने सांगितलेल्या पहिल्या काही तासांत, नाहीतर पूर्ण घट्ट झाल्यावर, अशा दोनच वेळी त्यावर पुन्हा रंग मारता येतो. मधल्या काळात मारला तर नव्या थरातला द्रावक अर्धवट वाळलेली साय खालून उचलतो आणि पृष्ठभाग सुरकुततो. माझ्या पहिल्या गाडीच्या दारांचे तेच झाले होते, आणि चूक दुकानदाराची नसून डब्यामागची सूचना न वाचणाऱ्या माझी होती. एनॅमलवर लॅकर मारल्यावरही हेच घडते. शिवाय हा थर लगेच कंपाउंडने घासता येत नाही, म्हणजे अडकलेली धूळ काढायची तर महिना-दोन महिने वाट पाहावी लागते. चौदा महिन्यांनी पट्ट्यावर बोट फिरवले तेव्हा बोटाला निळसर भुकटी लागली. चासी, ट्रेलर, चाकांच्या आतल्या बाजू अशा ठिकाणी एनॅमल खुशाल वापरावा. गाडीच्या अंगासाठी तो मी पुन्हा घेणार नाही.

तिसऱ्या पट्ट्याने टिकाऊपणात सर्वांना मागे टाकले. ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली जर्मनीत ज्या पॉलियुरेथेन रसायनाचा शोध लावला, त्याच कुळातला हा रंग आहे. दोन मध्यम हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटांची विश्रांती, आणि दुसऱ्या दिवशी घट्ट, चकचकीत, पेट्रोलला दाद न देणारा थर तयार. चौदा महिन्यांनी पाण्याने धुतल्यावर तो पट्टा पहिल्या दिवसासारखाच दिसत होता. ओघळ आला तर दोन-तीन दिवसांनी ब्लेडने आणि पेपरने तो कापता येतो, एकरंगी टूके असल्यास वरचा भाग घासून पॉलिशही करता येतो. हार्डनर मिसळल्यावर मात्र घड्याळ चालू होते. ठरावीक तासांनी मिश्रण गनमध्येच घट्ट होऊ लागते आणि गन ताबडतोब थिनरने धुतली नाही तर ती टाकून द्यावी लागते. हार्डनरचा डबा अर्धवट बंद राहिला तर हवेतल्या ओलाव्याशी त्याची क्रिया होऊन तो निकामी होतो. हे सगळे सांभाळता येण्यासारखे आहे.

सांभाळता न येणारी गोष्ट श्वासाची आहे, आणि घरी रंग निवडताना ती प्रश्नाच्या अगदी सुरुवातीला यायला हवी. टूके रंगाच्या आणि टूके क्लिअरच्या हार्डनरमध्ये बहुतेक वेळा आयसोसायनेट नावाची रसायने असतात. फवाऱ्याबरोबर त्यांचे सूक्ष्म थेंब हवेत पसरतात आणि फुप्फुसांत गेल्यावर शरीर त्यांच्याविषयी संवेदनशील होऊ शकते. एकदा तसे झाले की पुढे अगदी अल्प मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो, आणि ही संवेदनशीलता सहसा आयुष्यभर राहते. गाड्या रंगवणाऱ्यांमध्ये कामातून जडणाऱ्या दम्याचे हे एक प्रमुख कारण आहे. वासावरून सावध होण्याची सोय इथे नाही, कारण वास जाणवेपर्यंत सुरक्षित मर्यादा ओलांडली गेलेली असते, आणि म्हणूनच कोळशाचे कार्ट्रिज लावलेला मुखवटाही पुरेसा भरवशाचा मानला जात नाही: कार्ट्रिज भरले हे कळायला मार्गच उरत नाही. जिथे हे काम रोज चालते तिथे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा वापरतात, त्वचा आणि डोळे पूर्ण झाकतात, आणि फवारणी थांबल्यावरही बूथमधली, म्हणजे रंगवण्याच्या बंदिस्त खोलीतली, हवा साफ होईपर्यंत तो मुखवटा काढत नाहीत, कारण डोळ्यांना न दिसणारे तुषार त्यानंतरही हवेत तरंगत असतात.

घराच्या शेडमध्ये यातले काय असते? एक खिडकी, एक पंखा आणि पलीकडे स्वयंपाकघर. पंख्याने ती हवा आपल्यापासून दूर गेली तरी ती शेजाऱ्याच्या अंगणातच जाणार. माझे तिसऱ्या आणि चौथ्या पट्ट्याचे काम म्हणूनच घरी झाले नाही. एका ओळखीच्या कारागिराच्या बूथमध्ये, त्यांच्या हवेच्या मुखवट्याखाली उभे राहून मी ते केले. ‘आमच्या डब्यात ते नाही’ असे दुकानात सांगितले गेले तरी हार्डनरच्या डब्यावरचा घटकांचा मजकूर स्वतः वाचावा. एनॅमल लवकर वाळावा आणि अधिक चमकावा म्हणून जो हार्डनर वेगळा विकला जातो, त्यातही बहुधा आयसोसायनेटच असते, ही बाब फार थोड्यांना माहीत असते. लॅकर आणि बेस कोट यांच्याही वाफा आरोग्याला घातक आणि ज्वालाग्राही आहेत, तिथेही योग्य कार्ट्रिजचा मुखवटा, मोकळी हवा आणि ठिणगीपासून दूर राहणे आवश्यक आहे. पण तो धोका साध्या साधनांनी आटोक्यात ठेवता येतो, आणि माझ्या मते या दोन धोक्यांमधली दरी चकाकीतल्या फरकापेक्षा कितीतरी मोठी आहे.

चौथा पट्टा बेस-क्लिअरचा. आजच्या बहुतेक गाड्या कारखान्यातून याच पद्धतीने रंगून येतात, आणि धातूची झाक असलेला मेटॅलिक किंवा मोतिया रंग हवा असेल तर दुसरा समाधानकारक मार्ग नाही. बेस कोट स्वतः मारायला सोपा आहे: तो पंधरा-वीस मिनिटांत मॅट होतो, त्यातली धूळ हलक्या हाताने काढता येते. मेटॅलिकमध्ये मात्र ॲल्युमिनियमचे बारीक कण कसे पडून राहतात यावर छटा ठरते. गन एका ठिकाणी जवळ आली, हात मंदावला किंवा थर ओला पडला की तिथे गडद ढग दिसतात, आणि वर क्लिअर बसल्यावर ते घासून काढण्याची सोय राहत नाही. पहिल्यांदा काम करणाऱ्याने म्हणूनच साधा एकरंगी बेस घ्यावा. क्लिअरची दुरुस्ती हा या पद्धतीचा कच्चा दुवा आहे. दाराच्या मध्यावर ओरखडा खोल गेला तर रंग तेवढ्यापुरता जुळवता येतो, पण क्लिअर बहुधा संपूर्ण भागावर, कडेपासून कडेपर्यंत द्यावा लागतो, कारण अर्ध्यात सोडलेली क्लिअरची कड काही काळाने सोलू लागते. फवारणीच्या डब्यांत मिळणारा हार्डनर नसलेला क्लिअर हा यावरचा उपाय वाटतो, परंतु तो पेट्रोलला टिकत नाही आणि लवकर निस्तेज होतो. बुडाची कळ दाबून हार्डनर सोडायचे टूके डबे चांगला थर देतात. त्यातही तेच आयसोसायनेट असतात आणि डबा लहान असल्याने माणूस अधिक बेफिकीर होतो.

पाण्यावर आधारलेले बेस कोट मी पट्ट्यांत घेतले नाहीत. द्रावकांचे उत्सर्जन मर्यादित ठेवणारे नियम कडक झाल्यापासून कार्यशाळांमध्ये ते रूढ झाले आहेत, पण ते वाळायला उष्णतेइतकीच वाहती कोरडी हवा लागते, दमट दिवशी ते रेंगाळतात, गंजू न शकणारी गन लागते, आणि वरचा क्लिअर शेवटी टूकेच असतो. घरच्या कामात त्यांचा फायदा मला दिसला नाही.

प्रकार ठरवण्याआधी गाडीवर सध्या काय आहे हे पाहणे तितकेच महत्त्वाचे. पेट्रोलच्या झाकणाआड किंवा डिकीच्या कडेला पांढऱ्या फडक्यावर लॅकर थिनर घेऊन अर्धा मिनिट चोळावे: फडक्याला रंग सहज उतरला तर खाली लॅकर आहे, पृष्ठभाग फुगला किंवा सुरकुतला तर बहुधा एनॅमल, आणि काहीच झाले नाही तर टूके किंवा कारखान्यातला भट्टीत भाजलेला थर. फुगणाऱ्या थरावर लॅकर मारण्याचा मोह टाळावा. तिथे पत्र्यापर्यंत जाणे किंवा मध्ये अडसर म्हणून एपॉक्सीचा थर देणे हेच मार्ग आहेत. सिलिकॉन असलेल्या पॉलिशचा अंश कुठे राहिला तर कोणत्याही प्रकारचा रंग तिथून माशाच्या डोळ्यासारखा गोल मागे सरतो, म्हणून घासण्याआधी आणि घासल्यानंतर असे दोनदा मेणचटपणा काढणाऱ्या द्रवाने पुसणे मी कधीच चुकवत नाही. साधनांच्या बाबतीतही लॅकरचे फावते. एचव्हीएलपी गनला, म्हणजे कमी दाबाने पण भरपूर हवेने फवारणाऱ्या गनला, हवा भरपूर लागते आणि घरगुती लहान कॉम्प्रेसर संपूर्ण बॉनेटचा एक हात होईपर्यंत दमतो. दाब घसरला की टूके क्लिअर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो. लॅकरमध्ये एकेक भाग थांबून थांबून मारता येतो आणि आलेला खडबडीतपणा तसाही घासायचाच असतो.

एवढे सगळे पाहून मी माझी गाडी, जी आठवड्यातून एकदा बाहेर निघते आणि एरवी छपराखाली असते, ॲक्रिलिक लॅकरने घरीच रंगवली. धाकट्या भावाची गाडी रोज उन्हात उभी राहते, म्हणून तिच्यासाठी मी वेगळा सल्ला दिला: डेंट काढणे, पुट्टी, घासणे, एपॉक्सी आणि मास्किंग हे सगळे वेळखाऊ काम घरी करावे, आणि बेस-क्लिअरसाठी गाडी बूथमध्ये न्यावी. त्याला चार दिवसांत गाडी परत मिळाली आणि तिची चमक माझ्या दोन महिन्यांच्या घासण्याला लाजवणारी होती, हे मी मान्य करतो. मधल्या काळात त्याच्या बॉनेटवर खडा लागून टवका उडाला आणि अख्खे बॉनेट पुन्हा बूथमध्ये गेले. माझ्या गाडीच्या झाकणाखाली पेट्रोल ओघळून हातभर लांबीचा मऊ पडलेला पट्टा तयार झाला. उरलेल्या अर्ध्या डब्यातला रंग पातळ करून रविवारी सकाळी त्यावर पाच हात दिले, तीन आठवड्यांनी पॉलिश केले, आणि आता भावाला ती जागा शोधून दाखव म्हटले तर तो दरवेळी दुसऱ्याच ठिकाणी बोट ठेवतो.